आठ बाजूंच्या खोलीचे एकवीस इंच

अबू धाबीतली माझी पहिली चार वर्षं ज्या दोन कॉन्ट्रॅक्टरांकडे गेली, त्यांच्या कागदांवर माझा हुद्दा ड्राफ्ट्समनचा होता. प्रत्यक्षात जागेची मापं घेणं, नकाशा उतरवणं, माल किती लागेल ते काढणं आणि साइटवर उभं राहून काम तसंच होतंय ना ते पाहणं, ही चारही कामं माझ्याकडे होती. साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. संयुक्त अरब अमिराती हे नाव तेव्हा नव्हतं आणि दिरहमही नव्हता. बेटावर सिमेंटच्या इमारती सहज मोजता येत, बाकी सगळी खजुराच्या झावळ्यांची घरं. गोडं पाणी अल ऐनच्या बाजूने पाइपने येई आणि चार गॅलनच्या डब्यांनी वाटलं जाई.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा. निघालो तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. दोन वर्षांचा करार संपला तेव्हा कॉन्ट्रॅक्टर बदलला, नवा करार झाला आणि रजेचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू झाला. त्यामुळे मुलीला मी पाच महिन्यांनंतर पाहिलंच नव्हतं. फोटो काढायचा तर तालुक्याला जावं लागे. म्हणून बायको एक करायची. दर सहा महिन्यांनी मुलीला भिंतीशी उभी करून डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरायची, तेवढा तोडायची आणि आमच्या बाजूचं कुणी इकडे येत असलं की पत्रात घालून पाठवायची. असे सात दोरे माझ्याकडे जमले होते. पहिला एकोणतीस इंच, सातवा साडेअडतीस. नवा दोरा आला की मी खोलीतल्या भिंतीवर बरोबर तितक्या उंचीवर खिळा मारायचो आणि दोरा लोंबता सोडायचो, म्हणजे त्याचं खालचं टोक जमिनीला लागे. खोलीत आम्ही सहा जण होतो. त्या भिंतीला टेकून कुणी बसत नसे.

आमच्याकडे मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची ‘बिस्मिल्ला’ करतात. मौलवीसाहेब मुलाला समोर बसवून पहिल्यांदा अक्षर वाचायला लावतात. मूल म्हणतं, लोक दुवा देतात, गोड वाटतात. त्या वेळी बापाने मुलाच्या शेजारी बसायचं असतं. मुलीच्या छठीला मी होतो, पण पहिल्या पावलाला नव्हतो, पहिल्या शब्दाला नव्हतो. बिस्मिल्लाला मात्र असणार, हे मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. चांद्र महिन्यांनी मोजून तारीख काढून ठेवली होती. कॉन्ट्रॅक्टरने रजा कबूल केली होती, पण हातातलं काम पुरं झालं तरच.

ते काम म्हणजे एक खोली. तेलाच्या आणि इतर कंपन्यांत काम करणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी एक लहानसं प्रार्थनाघर उभं राहत होतं. मुख्य हॉल दुसऱ्या कुणी बांधला होता. त्याला लागून पण वेगळी, बारा फूट रुंद, आठ बाजूंची एक खोली आमच्याकडे आली. तिथले पाद्री युरोपातले, वयस्कर, पंचवीसेक वर्षं उत्तर हिंदुस्थानात काढून आलेले. हिंदी बोलायचे ते आमच्यापेक्षा शुद्ध. मला ‘मुंशीजी’ म्हणायचे.

खोलीचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, एका जुन्या पुस्तकातून पाहून. कागदावर मोठा अष्टकोन म्हणजे भिंती. मध्ये एकात एक असे तीन छोटे अष्टकोन, बाहेरचा सहा फूट रुंद, मधला साडेचार, आतला तीन. आतल्यात निळ्या पेन्सिलीने पाणी रंगवलं होतं. बाजूला लिहिलं होतं, तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. बस, इतकंच. खोली बाप्तिस्म्यासाठी आहे एवढं मला सांगितलं होतं. बाप्तिस्मा म्हणजे पाणी, एवढं मला माहीत होतं.

बारा फुटांच्या अष्टकोनाची एक बाजू चार फूट साडेअकरा इंचांहून जराशी अधिक येते. ती आठही बाजूंना सारखी आणायची तर दोरी मध्यबिंदूवरून फिरवावी लागते. हे काम मला आवडलं. माझ्याबरोबर मिस्त्री होते ते कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताचा रायगड. वयाने माझ्या मामाएवढे, आणि मला भाच्याच म्हणायचे. त्यांचीही रजा त्याच बोटीने ठरली होती. आम्ही दोघांनी भिंती दारांच्या चौकटींपर्यंत आणल्या आणि मग मधला हौद केला. जमिनीपासून वर तीन पायऱ्या, सात-सात इंचांच्या, एकवीस इंच उंचीचं आठकोनी जोतं आणि त्याच्या माथ्यावर तीन फुटांचा हौद. पायऱ्यांभोवती खाली मी चार इंचांची पन्हळही ठेवली, सांडलेलं पाणी वाहून जावं म्हणून. पन्हळ नकाशात नव्हती. फादरांच्या लक्षात राहिली नसेल असं समजून मी माझ्या पदरची घातली.

फादर आठवडाभर बाहेर होते. आले ते थेट साइटवर. जोत्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, “मुंशीजी, ये ऊपर कैसे चला गया?”

मला प्रश्नच कळला नाही. मी नकाशा उलगडून दाखवला. तीन अष्टकोन, तीन पायऱ्या, मध्ये पाणी. त्यांनी नकाशा पाहिला, जोतं पाहिलं, आणि खिशातली पेन्सिल काढून नकाशाच्या कडेला एक उभा छेद काढला, जो त्यांनी मुळात काढायला हवा होता आणि मी मुळात मागायला हवा होता. पायऱ्या खाली जात होत्या. पाणी तळाशी होतं.

वरून पाहिलं तर चढत्या आणि उतरत्या पायऱ्या कागदावर सारख्याच दिसतात. हे मी शिकलेलो होतो आणि दुसऱ्या कुठल्याही कामात सेक्शन, म्हणजे असा उभा छेद, मागितल्याशिवाय मी एक ओळ आखली नसती. इथे मागितला नाही, कारण मला शंकाच आली नाही. आमच्या गावच्या मशिदीतला वजूचा, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्याचा, हौद अठरा फूट बाय अकरा फूट. भोवती दगडी कट्टा, बसायला बावीस जागा, कट्ट्यापुढे पन्हळ. माणूस कट्ट्यावर बसतो, ओंजळीने पाणी घेतो आणि हात-पाय पन्हळीवर धुतो. हौदात पाय घालायचा नाही. लहानपणी मी एकदा घातला होता, तेव्हा पाठीत बसलेला धपाटा मला आजही आठवतो. पाणी आहे, धर्माचं आहे, तर ते वर असणार आणि माणूस त्याच्या बाहेर असणार. पाण्यात उतरायचं असेल हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मिस्त्रींच्याही आलं नाही.

“इसमें आदमी उतरता है?” मी विचारलं.

“पूरा का पूरा,” फादर म्हणाले. “पुराने ज़माने में तो कपड़े भी बाहर रखकर.”

मिस्त्री मागून पुटपुटले, “तोबा.”

फादर हसले. मग आम्ही तिघे त्या चुकीच्या पायऱ्यांवरच बसलो. मिस्त्रींनी सुलेमानी चहा केला, आणि फादरांनी मला ती खोली समजावली. त्या दिवशी आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवत असे, म्हणून इतकं आठवतं.

सगळ्यांत जुनी अशी जी खोली सापडली आहे ती सीरियात, युफ्रेटिस नदीच्या काठच्या एका लष्करी गावात. ते साधं मातीच्या विटांचं घर होतं. ख्रिस्ती लोकांनी आतून बदलून त्याचं प्रार्थनाघर केलं आणि एका खोलीत हौद बांधला. हौदावर खांबांची लहानशी कमान होती आणि छतावर निळ्या रंगात तारे काढलेले होते. पुढे गावाला वेढा पडला तेव्हा तट मजबूत करायला आजूबाजूची घरं मातीने भरून टाकली, त्यात ही खोलीही बुजली. बुजली म्हणून टिकली. मग रोमचे बादशहाच ख्रिस्ती झाले आणि चर्चच्या शेजारी अशा खोल्या उघडपणे, थाटाने बांधल्या जाऊ लागल्या. आठ बाजू का, तर सात दिवसांत जग झालं आणि आठवा दिवस नव्याचा. मी विचारलं की आठ कोन आधी कुणी वापरत होतं का. फादर म्हणाले, रोमन लोकांची स्नानगृहं आणि थडगी अशा आकारांची असत, तिथूनच गवंड्यांनी हा आकार उचलला असेल.

“थडगी?”

“उतरणं म्हणजे कबरीत उतरणं, मुंशीजी. आणि पलीकडून वर येणं म्हणजे नवीन होणं. म्हणून पश्चिमेच्या बाजूने उतरायचं आणि पूर्वेच्या बाजूने चढायचं.”

मी नकाशा पुन्हा पाहिला. दोन दारं समोरासमोर का आहेत ते तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सगळ्यांत लागली. ही खोली वेगळी, बाहेर का असते, हे मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर असं की सुरुवातीच्या काळात ज्याला ख्रिस्ती व्हायचं असे त्याला तयारीसाठी थांबावं लागे, कुठे कुठे तर तीन वर्षं. दर रविवारी तो प्रार्थनेला यायचा, वाचन ऐकायचा, आणि मुख्य भाग सुरू होण्याआधी त्याला बाहेर पाठवून दार लावून घ्यायचे. आतली गाणी त्याला भिंतीपलीकडून ऐकू येत. वर्षातून एकदा ही खोली उघडायची आणि ज्यांची वेळ भरली ते आधी इथे यायचे. इथून ओले होऊन निघाले की मगच त्यांना आतलं दार उघडं.

“तीन वर्षं दाराबाहेर,” मी म्हणालो.

“हाँ.”

“मला तीन वर्षं नऊ महिने झाली.”

मग मी त्यांना मुलीचं सांगितलं, दोऱ्यांचं सांगितलं आणि बिस्मिल्लाची तारीख सांगितली. त्या दिवसापासून नवव्या दिवशी दुबईहून बोट होती. ती धरली असती तर अठराव्या दिवशी मी घरी पोहोचलो असतो. बिस्मिल्ला तिसाव्या दिवशी होती. बारा दिवस हातात राहत होते.

फादर उठले, हौदाच्या काठावर हात ठेवून म्हणाले, “मग हे असंच राहू दे. येणार आहेत ती बहुतेक तान्ही बाळंच. आई हातात घेऊन तीन पायऱ्या चढेल, मी पाणी घालीन. तुम जाओ, बच्ची के पास जाओ.”

ते निघून गेल्यावर मिस्त्री म्हणाले, “झाला, खलास. पादरीसाहेबाला चालताय, मग तुला कशाला खुपताय? सामान बांध.”

मी हो म्हणालो. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, ती भरलीही. दुसऱ्या दिवशी ओळंबा घेऊन भिंती तपासायला गेलो आणि त्या जोत्याकडे पाहून माझ्याने काम होईना. ते चांगलं बांधलेलं होतं. आठही बाजू दोन सुतांच्या, म्हणजे पाव इंचाच्या, फरकाने सारख्या होत्या. आणि सगळंच्या सगळं उलटं होतं. ज्या खोलीत माणसाने खाली उतरायचं तिथे मी त्याला वर चढवत होतो, आणि कोणी विचारलं असतं तर कागदावर माझी सही होती.

खाली खणणं शक्य नव्हतं. कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहिलं, तर तीस इंचांवर खारं पाणी लागलं, भरतीला आणखी वर येत होतं. मग एकच मार्ग उरत होता. जोतं फोडायचं, भिंतींच्या आत सगळी जमीन एकवीस इंच भरून उंच करायची आणि त्या भरावात मध्ये पायऱ्यांचा हौद खाली सोडायचा. चौकटी काढून वर घ्यायच्या, भिंतीवर ब्लॉकचे तीन थर जास्त चढवायचे, दोन्ही दारांबाहेर तीन-तीन पायऱ्या द्यायच्या. मी दिवस मोजले. एकोणीस.

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे बाहेरून तीन पायऱ्या चढायच्या आणि आतून तीन उतरायच्या?”

“हो.”

“मग शेवटी माणूस उभा कुठे राहिला?”

“जमिनीच्या लेव्हलला.”

“आत्ता तो काय आभाळात उभा आहे काय?” त्यांनी थापी खाली टाकली. “भाच्या, तुझी पोरगी तिकडे वाट बघताय आणि तू इकडे पादरीच्या नसाऱ्याला पाण्यात उतरवतोयस. या बोटीने मी जाणार. मला नाय थांबवायचा.”

त्यांना मी थांबवलं नाही. नवव्या दिवशी ते गेले. त्यांच्याबरोबर मी अम्मासाठी, माझ्या आईसाठी, पत्र दिलं; ते आमच्या गावी पोहोचवून मगच ते आपल्या घरी जाणार होते. पुढची बोट पंधरा दिवसांनी, म्हणजे मी तेहतिसाव्या दिवशी पोहोचणार. तीन दिवस उशीर. पत्रात मी सगळा हिशेब लिहिला. आपण चांद्र महिन्यांनी मोजतो, पण इंग्रजी कॅलेंडरने मोजलं तर चार वर्षं, चार महिने, चार दिवस व्हायला त्या तारखेनंतर आणखी सेहेचाळीस दिवस आहेत. म्हणजे तीन दिवस थांबलात तर कुठल्याच अर्थाने फार चुकणार नाही. कृपा करून थांबा. हे वाक्य मी दोनदा लिहिलं.

पत्र वेळेत पोहोचणार होतं, बिस्मिल्लाच्या बारा दिवस आधी. त्यामुळे मी तसा निश्चिंत होऊन कामाला लागलो. दोन मजूर दिमतीला होते. माझंच जोतं पहारीने फोडताना त्याचा आवाज हॉलभर घुमायचा. पन्हळही गेली. फादर रोज यायचे, पण थांब किंवा जा असं पुन्हा काही म्हणाले नाहीत. एक दिवस त्यांनी बाह्या वर करून भरावाच्या चार पाट्या टाकल्या आणि नंतर दोन दिवस कंबर धरून फिरत होते.

अठराव्या दिवशी हौद गळतो का ते पाहायला भरला. गोडं पाणी कुठलं, खाऱ्या विहिरीचं आणलं. मी आधी काढलं होतं, काठोकाठ भरायला एकशे शहाण्णव गॅलन, म्हणजे एकोणपन्नास डबे. शेवटचा डबा ओतला तेव्हा पाणी काठाला लागलं आणि थांबलं. आम्हा शाफई पंथाच्या मुसलमानांच्या हिशेबाने दोन ‘कुल्ला’, म्हणजे दोन मोठे रांजण, पाणी असलं की ते पाक राहतं. ते सुमारे पंचेचाळीस-पन्नास गॅलन होतं. हे फादरांना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. “मतलब आपके हिसाब से भी चलेगा!”

दुसऱ्या दिवशी खूण केलेल्या पातळीपासून पाणी उन्हाने उडालं असेल तितकंच उतरलं होतं. पाणी काढून टाकलं. फादर बूट काढून, झग्याची टोकं हातात धरून पश्चिमेकडच्या पायऱ्यांनी खाली उतरले, ओल्या तळाशी जरा उभे राहिले आणि पूर्वेकडून वर आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मुंशीजी, ठीक है.”

त्यानंतरचे दिवस मला त्या चार वर्षांत सगळ्यांत लांब गेले. दुबईपर्यंत लॅण्डरोव्हर, मग बोटीवर डेकची जागा, कराचीला मुक्काम, मुंबईत भाऊच्या धक्क्यावर एक दिवस आणि किनाऱ्याच्या आगबोटीने खाडीचं तोंड. प्रत्येक ठिकाणी मी मनात मुलीच्या शेजारी बसत होतो. कुठे बसेन, ओटीवर की माजघरात, तिने टोपडं घातलेलं असेल की ओढणी, मौलवीसाहेब म्हणतील तसं ती म्हणेल की माझ्याकडे पाहील. डेकवर पडल्या पडल्या मी त्या एका तासाचं इतकं तपशीलवार चित्र काढलं की सेक्शनसुद्धा काढायचा राहिला नव्हता.

तेहतिसाव्या दिवशी दुपारी होडीतून उतरलो. एकही दिवस इकडचा तिकडे झाला नव्हता. घरात शिरलो तेव्हा ओटीच्या कोपऱ्यात पितळी परात उपडी धुऊन ठेवलेली होती, कार्याला काढतात ती. ती पाहिल्यावर मी अम्माला काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

“तुझं पत्र आलं. मिस्त्रीने स्वतः वाचून दाखवलं. चार वर्षं, चार महिने, चार दिवस. चार म्हणजे चार. सात नव्हे.”

“इंग्रजी कॅलेंडरने अजून—”

“तुझं इंग्रजी कॅलेंडर तिकडे ठेव. तारीख तूच काढून पाठवली होतीस ना?”

मीच काढली होती. एकवीस इंचांसाठी मी जे केलं तेच तिने तीन दिवसांसाठी केलं होतं, आणि मी ते कुणाकडून शिकलो हे मला चांगलं माहीत होतं.

बायको आतून पाणी घेऊन आली. ती म्हणाली, “मी म्हटलं होतं थांबू या.” मग माझं तोंड पाहून तिने दिवस कसा गेला ते सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. साठ माणसं होती. पोरगी जराही रडली नाही. मौलवीसाहेबांनी एकदा म्हटलं की ही लगेच म्हणायची, अगदी खणखणीत. सगळे म्हणाले, बापासारखी हुशार. माझ्या जागेवर माझा धाकटा भाऊ बसला होता. कसलीच अडचण आली नाही.

मी ऐकत होतो. चार वर्षं मी असं धरून चाललो होतो की माझ्याशिवाय ते होणार नाही, अडेल, ती बावरेल, इकडेतिकडे बघेल. तसं काही झालं नव्हतं.

मुलगी माजघराच्या दारात उभी होती. दोऱ्यांवरून मी तिची उंची बरोबर धरली होती, चेहरा मात्र मला माहीत नव्हता. तो माझ्या बहिणीचा निघाला. ती जवळ आली नाही आणि आत पळालीही नाही. हातात ‘कायदा’ होता, अरबी अक्षरओळखीचं पातळ पुस्तक.

मी खाली बसलो आणि म्हणालो, “मला बिस्मिल्ला म्हणून दाखवतेस?”

“ते झालं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. पण मी ऐकलं नाही ना. पुन्हा एकदा म्हण.”

“ते मागचं. मी आता जीमवर आले.” तिने पुस्तक उघडून बोट ठेवलं. जीमच्या आधीची अलिफ, बे, ते, से ही चार अक्षरं तीन दिवसांत मागे पडली होती. “मौलवीसाहेब म्हणतात, मागे मागे वाचायचं नाही.”

अम्मा काही बोलणार होती, मी हाताने थांबवलं. मुलगी माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चटईवर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी जीमपासून ऐकायला बसलो.